टपावर पेटी लावली की ईव्हीची रेंज किती घटते, आणि लांबचा प्रवास कसा आखायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: गाडी इलेक्ट्रिक, बॅटरीतले वापरता येणारे ६० युनिट (म्हणजे ६० किलोवॉट-तास), घरातले पाच जण आणि एका दिवसात ५२० किलोमीटर. डिकी पुरत नाही म्हणून टपावर बंद पेटी, म्हणजे रूफ बॉक्स, लावायचा विचार आहे. एक जण म्हणतो रेंज निम्मी होईल, दुसरा म्हणतो काहीच फरक पडत नाही. तर पेटी लावावी का, आणि लावली तर किती रेंज धरून निघावं?

आधी उत्तर देतो, हिशेब नंतर. पेटी लावा. रेंज निम्मी होत नाही. पण फरक पडत नाही म्हणणाराही चूक आहे. महामार्गाच्या वेगाला साधारण १५ ते २२ टक्के जास्त वीज लागेल असं धरून चाला. गाडीचा आणि पेटीचा आकार, वारा आणि तुमचा वेग यांवर हा आकडा थोडा इकडेतिकडे होईल. अमेरिकेच्या सरकारी इंधन-कार्यक्षमता संकेतस्थळावर टपावरच्या मोठ्या, बोथट पेटीसाठी दिलेले आकडेही याच पट्ट्यात बसतात: शहरात २ ते ८ टक्के, महामार्गावर ६ ते १७ टक्के आणि ताशी १०५ ते १२० किलोमीटरच्या सुमारास १० ते २५ टक्के तोटा.

गाड्यांच्या ऊर्जेची मापं घेणं हे माझं रोजचं काम आहे, आणि घरच्या गाडीवर अशी पेटी लावून मी बराच फिरलोही आहे. त्यामुळे नुसता टक्का सांगून थांबत नाही. हा टक्का येतो कुठून ते एकदा कळलं की बाकीचे निर्णय तुमचे तुम्हालाच घेता येतील.

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने चाललेल्या गाडीला दोनच गोष्टी मागे ओढत असतात, टायर आणि हवा. टायरचा विरोध वेग वाढला तरी जवळपास तेवढाच राहतो. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट केला तर हवा चौपट जोराने अडवते. हवेचं हे अडवणं किती, हे गाडीच्या समोरून दिसणाऱ्या क्षेत्रफळावर आणि तिच्या आकाराच्या गुणांकावर ठरतं. या दोहोंचा गुणाकार केला की एक आकडा मिळतो. मध्यम आकाराच्या इलेक्ट्रिक गाडीसाठी तो ०.६५ चौरस मीटरच्या आसपास येतो. टपावर चांगली मोठी पेटी बसवली की त्यात ०.२ ची भर पडते असं हिशेबासाठी धरू.

आता १९०० किलो वजनाची भरलेली गाडी घ्या. वारा नाही, रस्ता सपाट, एसी जेमतेम चालू. ताशी १०० ला पेटीशिवाय तिला किलोमीटरमागे सुमारे १५० वॉट-तास लागतात (हजार वॉट-तास म्हणजे एक युनिट). पेटी लावली की १७९. ताशी ८० ला हेच आकडे ११८ आणि १३६ होतात. ताशी १२० ला १९० आणि २३१. तुमच्या ६० युनिटच्या बॅटरीचा पूर्ण ते रिकामी असा हिशेब केला तर ताशी १०० ला रेंज ४०० वरून ३३५ किलोमीटरवर येते आणि ताशी १२० ला ३१६ वरून २६० वर. तुमच्या गाडीचे आकडे थोडे वेगळे येतील, पण आकड्यांची चाल हीच राहील.

इथे एक गोंधळ बऱ्याच जणांचा होतो. वीज १९ टक्के जास्त लागली म्हणून रेंज १९ टक्के घटत नाही, ती १६ टक्के घटते. १५० चे १७९ झाले ही १९ टक्के वाढ, पण ४०० चे ३३५ झाले ही १६ टक्के घट. दोन माणसं एकाच प्रवासाचे दोन आकडे सांगून वाद घालत असतात आणि दोघंही बरोबर असतात.

दुसरा गैरसमज वजनाचा. टपावर ५० किलो ठेवलं म्हणून गाडी वीज खाते, असं वाटणं साहजिक आहे. पण १०० किलो जादा वजनाने सपाट रस्त्यावर किलोमीटरमागे तीनेक वॉट-तासच जास्त जातात. पेटीच्या आकाराने जातात २९. म्हणजे तेच सामान डिकीत बसलं असतं तर तोटा दहाव्या हिश्श्यावर आला असता. शिवाय वजनासाठी खर्च केलेली ऊर्जा काही प्रमाणात परत मिळते. चढावर १०० किलो जादा वजन हजार मीटर वर नेलं तर चाकांपाशी पाव युनिटच्या थोडं वर खर्च होतो आणि उतरताना मोटर उलटी चालून त्यातला बराचसा भाग बॅटरीत परत घालते. हवेला दिलेली ऊर्जा मात्र गेली ती गेली. ती गाडीच्या मागे भोवरे होऊन विरून जाते.

हे भोवरे एकदा डोळ्यांनी पाहण्यासारखे आहेत. आम्ही लोकरीचे बोटभर लांबीचे दोरे टपावर आणि मागच्या काचेवर चिकटपट्टीने ओळीने लावले आणि मागच्या गाडीतून सोबतच्याने त्यांचं चित्रण केलं. पेटी नसताना सगळे दोरे टपाला चिकटून सरळ मागे लोळत होते. मागच्या कडेला आले की तिथून हवा स्वच्छ सुटायची. पेटी लावल्यावर पेटीच्या बाजूचे दोरे तिरपे झाले, आणि पेटीच्या मागचे तर वेड्यासारखे गोल गोल फिरायला लागले. काही चक्क पुढच्या दिशेला उभे राहत होते. म्हणजे तिथे हवा उलटी वाहत होती. पेटीचं नाक किती टोकदार आहे याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण खरा खर्च शेपटाकडे होतो. गाडीच्या मागे जेवढा मोठा पोकळ, घुसळणारा पट्टा तयार होतो तेवढी गाडी मागे ओढली जाते.

म्हणूनच जेवढी गाडी गुळगुळीत, तेवढा पेटीचा टक्का मोठा दिसतो. मर्सिडीज इक्यूएसचा गुणांक ०.२० आणि ह्युंदाई आयोनिक ६ चा ०.२१ असा कंपन्यांनी जाहीर केलेला आहे. अशा गाड्यांचं सगळं कौशल्य टपावरून मागे उतरणाऱ्या हवेच्या त्या एका प्रवाहात असतं, आणि पेटी नेमकी त्यावरच बसते. उंच, चौकोनी गाडीचा मूळ आकडाच मोठा असतो, त्यामुळे तीच पेटी तिथे टक्क्यांत कमी दिसते. वीज मात्र दोन्हीकडे साधारण तेवढीच जास्त जाते.

मग पेट्रोल गाडीवाल्यांना हे का जाणवत नाही? त्यांनाही तोटा होतोच, टक्क्यांत फार कमीही नाही. फरक टाकीत आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये जवळपास ९ युनिट ऊर्जा असते. ४५ लिटरची टाकी म्हणजे ४०० युनिट. त्यातला मोठा भाग इंजिन उष्णता म्हणून बाहेर फेकतं, पण साठा एवढा मोठा असतो आणि पुन्हा भरायला पाच मिनिटं लागतात, त्यामुळे वाढलेला खर्च बिलात जातो आणि वेळेत दिसत नाही. तुमच्याकडे ६० युनिट आहेत. बॅटरीपासून चाकापर्यंत त्यातले ९० टक्क्यांच्या आसपास पोचतात, वाया फार थोडं जातं. त्यामुळे हवेचा प्रत्येक धक्का थेट रेंजच्या आकड्यात उमटतो. पेटी ईव्हीशी काही वेगळं वागत नाही. तुमचं प्रवासाचं वेळापत्रक मात्र तिच्यामुळे बदलतं, आणि उत्तराचा गाभा तोच आहे.

प्रवासात आपण बॅटरी पूर्ण ते रिकामी अशी कधीच वापरत नाही. पहिला टप्पा १०० वरून १० टक्क्यांपर्यंत आणि त्यानंतरचे टप्पे ८० वरून १० पर्यंत, कारण ८० च्या वर बहुतेक गाड्या चार्जिंग बरंच हळू घेतात. म्हणजे मधल्या टप्प्याला तुमच्या हातात ४२ युनिट. वारा नसताना ताशी १०० ला पेटीशिवाय त्यात २८० किलोमीटर होतात, पेटीसह २३४. आता समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा घ्या. हवेच्या दृष्टीने तुमची गाडी १२० ने चालली आहे, पण अंतर मात्र १०० च्याच गतीने कापलं जातंय. पेटीसह किलोमीटरमागे २३२ वॉट-तास लागतील आणि ४२ युनिटमध्ये फक्त १८१ किलोमीटर होतील. २८० पासून १८१! यातला निम्म्याहून जास्त वाटा वाऱ्याचा आहे, पण शिव्या पेटीला बसतात. मला पेटीची भीती नाही, पेटी आणि वारा एकत्र आले की त्यांची आहे.

हे मी अनुभवाने शिकलो. पेटी लावून केलेल्या आमच्या पहिल्या लांबच्या प्रवासात मी पेटीचा हिशेब केला होता, वाऱ्याचा नव्हता. उघडं माळरान, वारा तोंडावर, आणि पडद्यावर ‘पोचताना १४ टक्के’ असलेला आकडा दर दहा मिनिटांनी एकेकाने उतरत चाललेला. मागे मुलं झोपली होती. बायकोने नकाशा हातात घेतला, मी वेग ७० वर आणला आणि आम्ही दोघंही गप्प होतो. पोचलो, ३ टक्क्यांवर. त्या दिवसापासून निघण्याआधी मी हवामानाच्या अंदाजात पाऊस पाहतो तसा वारा आणि त्याची दिशाही पाहतो. तुम्हीही पाहा. पेटी असताना तर नक्कीच.

थंडीचंही असंच. शून्य अंशाला हवा जड होते, उन्हाळ्याच्या मानाने दहा-बारा टक्के जास्त अडवते, आणि तेवढ्याच टक्क्यांनी पेटीचा खर्चही वाढतो. हीटरला २ ते ३ किलोवॉट लागत असतील तर ताशी १०० ला किलोमीटरमागे २० ते ३० वॉट-तास तिकडे जातात, म्हणजे जवळजवळ आणखी एक पेटीच. गाडीत हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारी यंत्रणा) असेल तर खर्च बराच कमी होतो. उलट उंच पठारावर, २००० मीटरच्या आसपास, हवा विरळ असल्याने पेटी कमी त्रास देते. डोंगरात पोचल्यावर सरासरी सुधारलेली दिसते त्याचं एक कारण हेही आहे.

आता वेग. पेटीचा सगळा तोटा भरून काढायचा तर किती हळू जावं लागेल? वरच्याच गाडीचा हिशेब केला तर पेटीसह ताशी ८७ ला जेवढी वीज लागते, तेवढीच पेटीशिवाय १०० ला. म्हणजे १३ किलोमीटरने वेग कमी केला की पेटी फुकटात आली. ऐकायला छान वाटतं आणि सगळीकडे हाच सल्ला मिळतो. मी तो सरसकट देत नाही, कारण वेळेचा हिशेब वेगळं सांगतो. ३०० किलोमीटर ताशी १०० ने तीन तासांत होतात, ८७ ने जवळपास साडेतीन. म्हणजे २७ मिनिटं गेली. पेटीने त्या ३०० किलोमीटरमध्ये जास्तीची वीज खाल्ली साडेआठ युनिटच्या आसपास. सरासरी ६० किलोवॉट देणाऱ्या चार्जरवर ती नऊ मिनिटांत भरून निघते, ३० किलोवॉटच्या चार्जरवर सतरा मिनिटांत. चार्जर २० किलोवॉटच्या खाली असेल तरच हळू जाण्याने वेळ वाचतो. तेव्हा वाटेत चांगले डीसी फास्ट चार्जर असतील तर रस्त्याच्या नियमात बसेल त्या सावकाश, आरामाच्या वेगाने जा आणि थोडं जास्त चार्ज करा. पुढचा चार्जर लांब असेल, त्याचा भरवसा नसेल किंवा वारा समोरून असेल तेव्हा वेग कमी करा. अडचणीत वेगासारखं दुसरं औषध नाही. एसी बंद करून घाम गाळण्यापेक्षा ताशी १० ने कमी जाण्याचा उपयोग किती तरी जास्त होतो.

वरची मर्यादाही पेटीच ठरवते. बऱ्याच पेट्यांना उत्पादकांनी ताशी १३० ची कमाल मर्यादा घातलेली असते, काहींना त्याहून कमी. पेटीच्या पुस्तिकेत ती असते, तो आकडा वाचा.

पेटी निवडायची असेल तर बुटकी, लांब आणि अरुंद घ्या. तेवढ्याच लिटरची उंच, आखूड पेटी हवेला जास्त मोठं तोंड दाखवते. घराच्या दारात ती सुटसुटीत दिसते, पण महामार्गावर महाग पडते. बसवताना तिचं नाक पुढच्या काचेवर लोंबता कामा नये. काचेवरून वर चढणारी हवा थेट पेटीच्या पोटाखाली शिरते, आवाज वाढतो आणि पेटी उचलली जाते. मागे सरकवायची ती डिकीचं दार पूर्ण उघडेल इथपर्यंतच. दार एकदा हाताने सावकाश उघडून पाहा, विजेच्या दाराचं बटण त्याआधी दाबू नका. टप आणि पेटीचा तळ यांमधली फट जेवढी कमी तेवढं चांगलं.

उघडी जाळी आणि वर ताडपत्री बांधून नेण्याचा बेत असेल तर तो सोडा. दोऱ्या, घड्या, फडफडणारी टोकं, या प्रत्येकाला हवा अडते. तेच सामान बंद पेटीत कमी वीज खाईल. टपावर उभ्या सायकलींचंही तसंच आहे. सायकली न्यायच्याच असतील तर मागे लावा.

मागे लावण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो: गाडीला टो बार (ट्रेलर जोडायचा मागचा दांडा) असेल, तर त्यावर बसणारी मागची पेटी ऊर्जेच्या दृष्टीने टपापेक्षा कितीतरी चांगली. ती गाडीच्या सावलीत, आधीच घुसळलेल्या हवेत बसते. त्याच अमेरिकी आकड्यांप्रमाणे मागच्या पेटीचा महामार्गावरचा तोटा १ ते ५ टक्केच आहे. मात्र टो बारवर उभं वजन किती चालतं ते गाडीच्या पुस्तिकेत पाहावं लागतं, दिवे आणि नंबरप्लेट झाकली जाणार नाही हेही पाहावं लागतं, आणि गाडीची लांबी वाढल्याने चार्जरपाशी लावताना अडचण होऊ शकते. टो बार नसेल तर केवळ पेटीसाठी तो बसवा असं मी म्हणणार नाही. वर्षातून दोनदा प्रवास करणाऱ्याला टपावरची पेटी पुरते.

पेटी टपावरच्या ज्या आडव्या बारवर बसते, ते रिकामे बार हा छोटा वाटणारा पण महत्त्वाचा मुद्दा आहे. लोक पेटी काढतात आणि बार वर्षभर तसेच ठेवतात. गोल नळीला हवा फार अडते. मीटरभर लांब, ३ सेंटिमीटर जाड असे दोन गोल बार घेतले तर हिशेबाने त्यांचा विरोध पेटीच्या एक तृतीयांशापर्यंत जातो. चौकोनी नळी त्याहून वाईट. विमानाच्या पंखाच्या छेदाचे बार यात फार पुढे आहेत, त्यांचा विरोध गोल बारच्या काही हिश्श्यांवर येतो. पेटी भाड्याने आणणार असलात तरी बार स्वतःचे आणि पंखाच्या आकाराचे घ्या. काम झालं की तेही उतरवा. एकटे शहरात फिरताना, ताशी ४० च्या आसपास, पेटीचाही फरक किलोमीटरमागे पाचच वॉट-तासांचा असतो. रोजची फेरी महामार्गावरून होत असेल तर मात्र हा तोटा वर्षभर साचत जातो. अमेरिकेतल्या युचे चेन आणि ॲलन मायर या संशोधकांनी २०१६ साली टपावरच्या रॅकचा त्या देशातल्या एकूण इंधनखर्चावरचा परिणाम मोजायचा प्रयत्न केला होता. हलक्या वाहनांच्या इंधनातलं हजारी ०.८, म्हणजे ०.०८ टक्के, केवळ या रॅकमुळे जातं असा त्यांचा अंदाज होता. त्यात रिकामे फिरणारे रॅकही धरले होते.

बारवर पेटी बसवताना एक गोष्ट कानाने तपासा. पंखाच्या आकाराच्या बारवर वरच्या बाजूने एक खाच असते आणि तिच्यात रबराची पट्टी असते. पेटीचे पकडे घालताना ही पट्टी काढावी किंवा कापावी लागते, आणि उरलेला तुकडा परत घालायचा राहून जातो. वीतभर खाच उघडी राहिली तरी ताशी ७० नंतर बासरीसारखी शिट्टी सुरू होते. लोक पेटीला दोष देतात, पेटी बदलतात. उतरून बोट फिरवलं तर खाच लगेच हाताला लागते. पट्टी मापात कापून बसवा, शिट्टी बंद.

पकड्यांच्या मुठी आवळताना बऱ्याच पेट्यांमध्ये ठरावीक जोर झाला की ‘कट्’ असा आवाज येतो. तो येईपर्यंत फिरवा, त्यापुढे नाही. मग पेटीचं नाक दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. अख्खी गाडी हलली पाहिजे, एकटी पेटी नाही. निघाल्यावर ५० किलोमीटरवर एकदा थांबून पुन्हा तपासा, कारण सुरुवातीच्या हादऱ्यांत सगळं थोडं बसतं.

टपाच्या वजनाची मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत असते. अनेक गाड्यांना ती ७५ किलोच्या आसपास असते, काहींना कमी, काहींना १००. काही गाड्यांना टपावर काहीही लावायला परवानगी नसते, तेव्हा काचेचं टप असेल तर हे पान आधी उघडा. ही मर्यादा बार, पेटी आणि सामान मिळून असते. बार ६ किलो, पेटी २० किलो, म्हणजे ७५ मधले उरले ४९. पाच जणांचं जड सामान त्यात बसणार नाही आणि बसवूही नये. पांघरुणं, जॅकेट, उशा, कपड्यांच्या मऊ पिशव्या वर टाका. पाण्याचे कॅन, खाण्याचे डबे, हत्यारं, बूट खाली डिकीत, मागच्या सीटला टेकवून. बोनेटखाली सामानाची जागा असेल तर तीही वापरा. ईव्हीची बॅटरी तळाला असल्याने गाडी एरवी स्थिर असते आणि त्यामुळे चालवणाऱ्याला टपावरचं वजन लवकर जाणवत नाही. पण आडव्या वाऱ्यात, पुलावर किंवा अचानक दिशा बदलताना ते जाणवतं, तेव्हा फार वेळ हातात नसतो. म्हणून मर्यादेच्या थोडं खालीच राहा.

चार्जिंगची केबल डिकीत सर्वांत खाली गाडून ठेवू नका. हात घातला की लागेल अशी ठेवा. टायरची हवा दारावरच्या स्टिकरवर पूर्ण भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याला भरा, थंड टायरला. आणि पेटी लावल्यावर जमिनीपासून वरपर्यंतची उंची टेपने मोजा, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून सनशेडला लावा. तळघरातल्या पार्किंगच्या तोंडाशी पेटीची आठवण कुणालाच राहत नाही.

रेंजच्या पडद्याबद्दलही सांगायला हवं. पडद्यावरचा किलोमीटरचा आकडा बहुतेक गाड्यांत मागच्या काही प्रवासाच्या सरासरीवरून काढलेला असतो. काल शहरात पेटीशिवाय फिरलात तर आज सकाळी गाडी तुम्हाला कालचीच रेंज दाखवणार. पेटी लागली आहे हे तिला माहीत नसतं. तेव्हा पहिले ३०-४० किलोमीटर त्या आकड्याकडे पाहू नका. ट्रिप मीटर शून्य करा आणि किलोमीटरमागे किती वॉट-तास जातायत ते पाहा. मार्ग आखणाऱ्या ॲपमध्ये संदर्भाचा वापर बदलायची सोय असेल, तर तुमच्या नेहमीच्या आकड्यात २० टक्के वाढवून तो भरा. वारा समोरून असेल तर त्याहून जास्त, ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्याला वरच्या हिशेबाने ५५.

आता तुमचे ५२० किलोमीटर. पूर्ण चार्ज करून निघा. वारा नसेल तर पेटीसह पहिला टप्पा १० टक्क्यांपर्यंत ३०० किलोमीटरचा होतो, आणि उरलेल्या २२० साठी एकच थांबा पुरतो. पेटी नसती तरी एक थांबा घ्यावाच लागला असता. म्हणजे चांगल्या दिवशी पेटीची किंमत त्या एका थांब्यावरची पंधरा-वीस मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही. पण दिवस चांगला असेल हे गृहीत धरून निघू नका. वाटेत दोन चार्जर हेरून ठेवा, एक २३० किलोमीटरच्या आसपास आणि दुसरा २८० च्या. २८० चा गाठायला सरासरी १९३ वॉट-तासांच्या आत राहावी लागते. तेवढीच आली तर तुम्ही १० टक्क्यांवर पोचाल.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर मुठी तपासायला थांबालच, तेव्हा ट्रिप मीटर वाचा. आकडा १८५ च्या आत असेल तर २८० चा चार्जर धरा, तिथे ८० टक्क्यांच्या थोडं वर भरलं की मुक्कामापर्यंत काळजी नाही. १९५ च्या वर असेल तर वाद न घालता २३० ला थांबा, ८० टक्क्यांपर्यंत भरा आणि पुढे ३८० ते ४०० च्या दरम्यान आणखी एक छोटा थांबा घ्या. दोन्हींच्या मधला आकडा आला तर वेग ९० वर आणा आणि पुढच्या ५० किलोमीटरनंतर पुन्हा वाचा. मुलांना कुठे उतरायचं आहे त्याप्रमाणेही ठरवता येईल, पाच जणांच्या गाडीत तीन तासांनी कुणाला तरी थांबायचंच असतं.

परतताना ट्रिप मीटर पुन्हा शून्य करा. जाताना तोंडावर असलेला वारा पाठीशी आलेला असेल, किंवा उलट झालं असेल, आणि जातानाचा आकडा येताना लागू पडणार नाही.